घटक ४ : आविलाची तेरेसा – स्त्रियांच्या मठजीवनाची सुधारणा

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• सोळाव्या शतकातील स्पेनमधील स्त्रियांच्या कॅथलिक मठांची स्थिती सांगता येईल.
• तेरेसाच्या जीवनातील प्रमुख घटना व तिच्या सुधारणाकार्याचे टप्पे स्पष्ट करता येतील.
• मठाचे बंद दार हे बंधन की स्वातंत्र्य, या प्रश्नाचा साधकबाधक विचार करता येईल.
• तेरेसाच्या लेखनातील लोकभाषेचे व विनम्रतेच्या शैलीचे महत्त्व विशद करता येईल.

४.१ प्रस्तावना

युरोपातील धर्मसुधारणा म्हटली की आपल्यासमोर प्रथम मार्टिन ल्यूथरचे नाव येते. परंतु त्याच शतकात कॅथलिक चर्चच्या आतूनही सुधारणेचे मोठे प्रयत्न झाले, आणि त्यांपैकी एका महत्त्वाच्या प्रयत्नाचे नेतृत्व एका स्त्रीने केले. तिचे नाव तेरेसा. स्पेनमधील आविला या तटबंदीच्या गावी जन्मलेली ही स्त्री संत म्हणून जगाला परिचित आहे. प्रस्तुत घटकात मात्र तिच्या संतपणापेक्षा तिच्या कार्याकडे आपण अधिक लक्ष देणार आहोत.

त्या काळी स्पेनमध्ये प्रतिष्ठित घरातील मुलीपुढे विवाह आणि मठ असे दोनच मार्ग असत. मठात प्रवेश करतानाही हुंडा द्यावा लागे. पण तो लग्नाच्या हुंड्यापेक्षा सामान्यतः कमी असे. त्यामुळे कित्येक मुली ईश्वराच्या ओढीने नव्हे, तर कुटुंबाच्या सोयीने मठात येत. अशा मठात प्रार्थनेचे जीवन कसे उभे राहावे, हा तेरेसासमोरचा प्रश्न होता. तिने शोधलेले उत्तर उपदेशाच्या स्वरूपाचे नव्हते. मठात किती जणी राहतील, त्यांचे पोट कशावर चालेल आणि त्या एकमेकींना कोणत्या नावाने हाक मारतील, अशा अगदी व्यावहारिक बाबींपासून तिची सुधारणा सुरू झाली.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ कुल आणि बालपण

तेरेसाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी झाला. वडील आलोन्सो सांचेस दे सेपेदा आणि त्यांची दुसरी पत्नी बेआत्रिस दे आउमादा यांची ती कन्या. घर सुखवस्तू होते व गावात त्याला उमरावांचा मान होता. परंतु या मानामागे एक झाकलेला इतिहास होता. तिचे आजोबा क्वान सांचेस हे तोलेदोचे कापडव्यापारी. ते ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या समाजातील होते. गुप्तपणे जुना धर्म पाळल्याबद्दल इन्क्विझिशनने १४८५ मध्ये त्यांना प्रायश्चित्त सांगितले, आणि त्यानुसार त्यांना अपराध्याचा झगा अंगावर घालून शहरातील चर्चेसपुढून मिरवणुकीने चालावे लागले. पुढे हे कुटुंब आविलास आले आणि न्यायालयीन दाव्याच्या आधारे त्याने उमरावपद टिकवले. हा इतिहास अभ्यासकांसमोर विसाव्या शतकाच्या मध्यास आला. कुलशुद्धीला अतोनात महत्त्व देणाऱ्या समाजात ही मुलगी कोणत्या दडपणाखाली वाढली असेल, याची कल्पना त्यावरून येते.

सात वर्षांची असताना ती रॉद्रिगो या भावाला घेऊन घरातून पळाली. मूरांच्या देशात जाऊन हुतात्मा व्हावे आणि थेट स्वर्ग गाठावा, असा दोघांचा बेत होता. गावाबाहेर पडताच काकांनी दोघांना पकडून घरी आणले. आईला शूर सरदारांच्या अद्भुत कथा वाचण्याचा नाद होता. तो तेरेसालाही लागला. ती सुमारे तेरा वर्षांची असताना आई वारली. थोड्याच वर्षांत वडिलांनी तिला ऑगस्टीन संघाच्या मठात शिक्षणासाठी ठेवले. तिथे दीड वर्ष राहिल्यावर प्रकृती बिघडल्याने ती परतली. परंतु मठजीवनाचा विचार तिच्या मनात रुजला होता. वडिलांची संमती मिळेना, तेव्हा १५३५ मध्ये एके दिवशी पहाटेच घर सोडून तिने आविला येथील कार्मेल संघाचा एन्कार्नासिओन मठ गाठला.

४.२.२ एन्कार्नासिओन मठातील जीवन

मठात आल्यावर काही काळातच तेरेसा गंभीर आजारी झाली. वैदूबाईच्या जालीम औषधांनी प्रकृती अधिकच ढासळली. ऑगस्ट १५३९ मध्ये ती तीन-चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी कबरही खणून ठेवली गेली. वडिलांनी मात्र दफनाला ठाम नकार दिला. ती शुद्धीवर आली, पण त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे तिचे शरीर लुळे होते.

बरी झाल्यानंतरची वर्षे बाहेरून शांत दिसत असली तरी आतून अस्वस्थतेची होती. या अस्वस्थतेचे कारण समजण्यासाठी मठाची रचना पाहिली पाहिजे. एन्कार्नासिओनमध्ये दीडशेहून अधिक स्त्रिया राहत. हा मठ दुराचारी नव्हता. तो गर्दीचा आणि गरीब होता. श्रीमंत घरच्या भगिनींना स्वतंत्र दालने असत, दिमतीला दासी व नातलग मुली असत आणि त्यांच्या नावापुढे ‘दोन्या’ ही मानाची पदवी लागे. गरीब घरच्या भगिनी सामायिक शयनगृहात झोपत. सर्वांना पुरेल इतके अन्न मठात नसे. त्यामुळे भगिनींना नातेवाइकांकडे आणि आश्रयदात्यांकडे दीर्घकाळ राहण्याची मुभा दिली जाई. भेटीच्या दालनात पाहुण्यांची वर्दळ असे; कारण पाहुणे खूश राहिले तर देणग्या येत.

बोलकी, हजरजबाबी आणि आकर्षक स्वभावाची तेरेसा या दालनात सर्वांना हवीहवीशी वाटे. याच गुणांमुळे तिची प्रार्थना मागे पडत गेली. १५५४ मध्ये जखमी ख्रिस्ताची एक मूर्ती पाहून ती अंतर्बाह्य हलली, आणि तिथून तिच्या आयुष्याला नवे वळण मिळाले. तिला गूढ आध्यात्मिक अनुभव येऊ लागले. हे अनुभव ईश्वराचे की सैतानाचे, याबद्दल तिच्या काही धर्मगुरूंना शंका होती. ईश्वराशी थेट संवाद सांगणाऱ्या स्त्रीकडे त्या काळात संशयानेच पाहिले जाई.

१५६२ च्या आरंभी तिच्या वरिष्ठांनी तिला तोलेदोला लुईसा दे ला सेर्दा या विधवा उमराव स्त्रीच्या सांत्वनासाठी पाठवले. सुमारे सहा महिने ती त्या वाड्यात राहिली. मोठ्या घरच्या स्त्रियांनाही मानपानापायी मनासारखे जेवता-बोलता येत नाही, हे तिने तिथे जवळून पाहिले. तसेच, मठ आश्रयदात्यांवर अवलंबून असेल तर व्रतस्थ स्त्रीलाही असे कुठेही पाठवले जाऊ शकते, हे त्या प्रसंगातून स्पष्ट होते.

४.२.३ सान होसे : लहान मठाची कल्पना

सप्टेंबर १५६० मध्ये तेरेसाच्या खोलीत जमलेल्या काही जणींच्या गप्पांत एक लहान, साधा मठ काढण्याची कल्पना निघाली. तिच्या नात्यातील मारिया दे ओकांपो या तरुणीने त्यासाठी एक हजार डुकाटांची तयारी दाखवली. गियोमार दे उल्योआ या विधवा मैत्रिणीने आणि पेद्रो दे आल्कान्तारा या फ्रान्सिस्कन साधूने पाठबळ दिले. घर गुपचूप घेतले गेले. ते तेरेसाच्या बहीण-मेहुण्यांसाठी आहे असे भासवण्यात आले. डागडुजीला पैसा अपुरा पडत असतानाच दक्षिण अमेरिकेत गेलेल्या लोरेन्सो या भावाने पाठवलेली रक्कम हाती आली. हा पैसा स्पेनने जिंकलेल्या प्रदेशातून आला होता, हेही चरित्राच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

२४ ऑगस्ट १५६२ रोजी चार नवदीक्षित स्त्रियांसह सान होसे मठ सुरू झाला. गावात एकच खळबळ उडाली. निश्चित उत्पन्न नसलेल्या या मठाचा भार गावावर पडेल, म्हणून नगरपरिषदेने तो बंद करण्याचा प्रयत्न केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. मठ मात्र टिकला.

या मठाचे नियम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. भगिनींची संख्या आरंभी तेरापर्यंतच मर्यादित ठेवली होती. पुढे ती एकवीसपर्यंत वाढवली गेली. जाडाभरडा लोकरी वेश, पेंढ्याची गादी आणि पायांत तागाच्या दोऱ्यांचे साधे जोडे, एवढाच सरंजाम. या जोड्यांवरूनच पुढे या शाखेस ‘अनवाणी’ हे नाव मिळाले. आजारपण वगळता मांसाहार वर्ज्य होता. सूतकताईसारखे काम करून चरितार्थाला हातभार लावायचा होता. दिवसातून दोन तास मौन ध्यानासाठी राखले होते. पण त्याचबरोबर मोकळ्या गप्पांसाठी आणि हसण्याखेळण्यासाठीही वेळ ठेवला होता. दुर्मुखलेल्या भक्तीचे तेरेसाला वावडे होते. मठप्रमुखाचे नाव झाडलोटीच्या पाळीत सर्वांत आधी यावे, असा नियम होता. ‘दोन्या’ ही पदवी दाराबाहेर राहिली. खुद्द तेरेसा दे आउमादा ही ‘येशूची तेरेसा’ झाली.

योग्य मुलगी हुंड्याविना आली तरी तिला प्रवेश नाकारू नये, असे तिचे धोरण होते. तिच्या नियमांत रक्तशुद्धीची अट नव्हती. झगा घालून शहरातून फिरवल्या गेलेल्या आजोबांची नात असे नियम करते, हा केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

सान होसेचे दार बाहेरच्या जगासाठी बंद होते. आधुनिक वाचकास हा तुरुंग वाटण्याचा संभव आहे. परंतु येथे कालक्रम ध्यानात घ्यावा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सर्व स्त्री-मठांना कडक बंदिवास सक्तीचा केला तो डिसेंबर १५६३ मध्ये. तेरेसाचा मठ त्यापूर्वीच उघडला होता. परिषदेने दार बाहेरून लावले, तर तेरेसाने ते आतून लावले. पाहुणे, आश्रयदाते आणि त्यांचे उपकार यांपासून सुटका हा तिचा हेतू होता. दोन्ही दारे दिसायला सारखीच होती, आणि यातच तिच्या सुधारणेतील पेच आहे. स्वेच्छेने आलेल्या स्त्रीला मोकळीक देणारा नियम अनिच्छेने आलेल्या स्त्रीला कोंडणाराही ठरू शकतो.

आपली प्रगती तपासा – १
१) एन्कार्नासिओन मठातील भगिनींना बाहेर राहण्याची मुभा का दिली जाई?
२) सान होसे मठाच्या कोणत्याही तीन नियमांचा हेतू सांगा.

४.२.४ प्रवास, नवे मठ आणि आश्रयदाते

१५६७ मध्ये कार्मेल संघाचे प्रमुख रुबेओ आविलास आले. सान होसेतील जीवन पाहून त्यांनी तेरेसाला आणखी मठ स्थापण्याची परवानगी दिली. तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने मेदिना देल काम्पो येथे दुसरा मठ काढला. मध्यरात्री ती आणि तिच्या सोबतिणी गावात पायी शिरल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी बैल आणले जात होते. घर गाठले तर ते पडझड झालेले. याच गावी तिला क्वान दे ला क्रूस हा तरुण संन्यासी भेटला. त्याच्या साहाय्याने १५६८ मध्ये पुरुषांचीही सुधारित शाखा सुरू झाली. हाच पुढे स्पॅनिश भाषेतील श्रेष्ठ कवी म्हणून गणला गेला.

तेरेसाच्या हयातीत स्त्रियांचे एकूण सतरा मठ स्थापन झाले. त्यासाठी ती खेचरांच्या झाकलेल्या गाड्यांतून कॅस्टीलच्या थंडीत आणि आंदालुसियाच्या उन्हात प्रवास करीत राहिली. पडदे ओढलेल्या गाडीतही प्रार्थनेच्या वेळा घंटा वाजवून पाळल्या जात. बंद मठांची ही संस्थापक स्वतः मात्र पुढील आयुष्य बहुतांशी रस्त्यावर राहिली.

पैशाच्या व्यवहारात ती चोख होती. तोलेदो येथे १५६९ मध्ये मठ काढताना तिच्याजवळ तीन-चार डुकाट, पेंढ्याच्या दोन गाद्या आणि एक कांबळे एवढेच होते. तिथल्या एका व्यापारी कुटुंबाने मठासाठी द्रव्य देऊ केले व मोबदल्यात प्रार्थनागृहात दफनाचा हक्क मागितला. व्यापाऱ्याला असा मान देण्यास उमरावांनी हरकत घेतली. तेरेसाने आरंभीच्या दोलायमानतेनंतर व्यापाऱ्याचीच बाजू घेतली.

श्रीमंत आश्रयदात्याचा धोका कसा असतो, हे पास्त्राना येथे दिसून आले. एबोलीच्या राजकन्येने तेथे मठ काढवला होता. १५७३ मध्ये पती वारल्यावर ती स्वतःच व्रतस्थ होण्यासाठी मठात येऊन राहिली. पण सोबत लवाजमा आणला आणि भगिनींनी आपली सेवा करावी असा आग्रह धरला. मठाचा खर्च तिच्या हाती होता. तेरेसाने भांडण वाढवले नाही. एप्रिल १५७४ मध्ये तिच्या सांगण्यावरून सर्व भगिनी रात्रीच्या वेळी मठ सोडून निघाल्या आणि सेगोवियाच्या नव्या मठात दाखल झाल्या. वास्तू आणि देणगी मागे राहिली. समूह मात्र वाचला. पुढे याच राजकन्येच्या तक्रारीवरून तेरेसाच्या आत्मचरित्राचे हस्तलिखित इन्क्विझिशनकडे गेले.

४.२.५ जुन्या मठात पुनरागमन

तेरेसाच्या पद्धतीची खरी कसोटी नव्या मठात नव्हे, तर जुन्या मठात लागली. १५७१ मध्ये धर्माधिकाऱ्यांनी तिला एन्कार्नासिओनची मठप्रमुख नेमले. प्रमुख निवडण्याचा भगिनींचा हक्क डावलून ही नेमणूक झाली होती. ती आली तेव्हा भगिनींनी दार अडवून आरडाओरडा केला. काहींनी तिच्या बाजूने घोष केला. ही बाई आपल्यावर कठोर नियम लादणार, अशी त्यांची भीती होती.

पहिल्या सभेस भगिनी आल्या, तेव्हा प्रमुखाच्या आसनावर त्यांना मरियेची मूर्ती दिसली. तिच्या हाती मठाच्या किल्ल्या होत्या, आणि तेरेसा मूर्तीच्या पायाशी बसली होती. आपण त्यांच्यावर अधिकार गाजवण्यास नव्हे, तर सेवा करण्यास आलो आहोत, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. सान होसेचे नियम तिने येथे लादले नाहीत. प्रथम तिने अन्नाची सोय केली; परिचितांकडून मदत मिळवून ती भगिनींच्या जेवणाची व्यवस्था पाहू लागली. पोट भरू लागल्यावर बाहेर राहण्याची गरज कमी झाली, आणि मग भेटीगाठींवर मर्यादा घालणे शक्य झाले. पुढच्या वर्षी तिने क्वान दे ला क्रूसला भगिनींचा धर्मगुरू म्हणून बोलावले. १५७४ मध्ये तिची मुदत संपली. १५७७ मध्ये पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा बहिष्काराची धमकी असतानाही पन्नासहून अधिक भगिनींनी तिलाच मत दिले व त्याबद्दल धर्मबहिष्कार सोसला. सहा वर्षांपूर्वी ज्या मठाने दार अडवले होते, त्याच मठातील हे मतदान होते.

४.२.६ विरोध, लेखन आणि भाषा

सुधारित शाखा वाढू लागली तसा मूळ कार्मेल संघाशी संघर्ष तीव्र झाला. १५७५ मध्ये तिला एका मठात कायम राहण्याचा आदेश झाला. डिसेंबर १५७७ मध्ये क्वान दे ला क्रूसला पळवून तोलेदोला कोठडीत डांबण्यात आले. ऑगस्ट १५७८ मध्ये तो निसटला. पोपचा स्पेनमधील दूत सेगा याने तेरेसाची संभावना अस्वस्थ, भटकी आणि आज्ञाभंग करणारी बाई अशी केली. त्याच नाताळच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडून तिचा हात मोडला व तो पुन्हा नीट झाला नाही. तरीही राजा दुसरा फिलिप यास आणि अन्य प्रभावी व्यक्तींना ती पत्रे पाठवीत राहिली. अखेर १५८० मध्ये पोपच्या आज्ञेने अनवाणी शाखेस स्वतंत्र प्रांत म्हणून मान्यता मिळाली.

याच संघर्षाच्या काळात, १५७७ मध्ये जून ते नोव्हेंबर या अवधीत, तिने ‘आंतरिक किल्ला’ हा ग्रंथ लिहिला. आत्मा म्हणजे सात महालांचा किल्ला, अशी त्याची कल्पना आहे. ‘आत्मचरित्र’, ‘पूर्णत्वाचा मार्ग’ आणि ‘मठस्थापना’ हे तिचे अन्य प्रमुख ग्रंथ होत.

भाषेच्या अभ्यासकाला तेरेसाचे लेखन विशेष महत्त्वाचे वाटते. तिला लॅटिन अवगत नव्हते. १५५९ मध्ये इन्क्विझिशनने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, तेव्हा लोकभाषेतील अनेक धर्मग्रंथ वाचकांच्या हातून गेले. लॅटिन न जाणणाऱ्या स्त्रियांवर हा सर्वांत मोठा आघात होता. देववाणी आणि लोकभाषा यांच्यातील ताण मराठी वाङ्मयाच्या इतिहासातून परिचित असलेल्या विद्यार्थ्यास यातील मर्म सहज उमगेल. तेरेसाने कॅस्टिलियनमध्ये, बोलतो तसे लिहिले. तिच्या हस्तलिखितांत विरामचिन्हे जवळजवळ नाहीत. एका विचारातून दुसरा निघतो, मध्येच ती मूळ मुद्दा सोडते आणि परत येते.

आपण अडाणी स्त्री आहोत, हे ती वारंवार लिहिते. यात खरी नम्रता असेलच. परंतु ही एक सावध भाषिक युक्तीही आहे. शिकवण्याचा अधिकार स्त्रीला नाही असे मानणाऱ्या परीक्षकांपुढे शिकवायचे, तर आपण शिकवत नाही असे म्हणतच शिकवावे लागते. ‘पूर्णत्वाचा मार्ग’ या ग्रंथाच्या पहिल्या प्रतीत तिने एकदा हे कवच बाजूला ठेवले. न्याय करणारे सर्व पुरुष असल्याने स्त्रीचा प्रत्येक सद्गुण संशयास्पद ठरतो, अशा आशयाची तक्रार तिने तेथे मांडली होती. परीक्षकाने तो मजकूर खोडला आणि दुसऱ्या प्रतीत तो आला नाही.

४.२.७ अखेर

१५८२ मध्ये बुर्गोस येथील मठाची स्थापना करून ती आविलाकडे परतत होती. प्रकृती खालावली होती. वाटेत आदेश आला की, आल्बाच्या सरदार घराण्यातील सुनेच्या बाळंतपणासाठी तिने आल्बा दे तोर्मेस येथे जावे. वाटेत तिच्यासाठी सुक्या अंजिरांपलीकडे काही मिळेना. ती पोहोचण्यापूर्वीच बाळ जन्मले होते. उमरावांच्या बोलावण्यापासून भगिनींना मोकळे करण्यासाठी जिने वीस वर्षे वेचली, तिचा शेवटचा प्रवास अशाच एका बोलावण्याने झाला. ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री तिचे निधन झाले. त्या रात्रीच ग्रेगोरियन दिनदर्शिका लागू झाली व दहा दिवस गळाले. म्हणून दुसरा दिवस १५ ऑक्टोबर ठरला, आणि तोच तिचा स्मरणदिन झाला.

इन्क्विझिशनकडे गेलेले आत्मचरित्र तिच्या हयातीत परत मिळाले नाही. १५८८ मध्ये लुईस दे लेओन या विद्वानाने तिचे ग्रंथ संपादून सालामांका येथे प्रसिद्ध केले. १२ मार्च १६२२ रोजी तिला संतपद मिळाले. गोव्यात ज्यांचे शरीर जतन केलेले आहे त्या फ्रान्सिस झेवियर यांनाही त्याच समारंभात संत घोषित करण्यात आले. १९७० मध्ये चर्चने तिला ‘धर्मपंडित’ ही उपाधी दिली. ही उपाधी मिळवणारी ती पहिली स्त्री. शिकवण्याचा अधिकार नाही असे जिला सांगितले गेले, तिला चर्चने शिक्षिका म्हणून मान्य करण्यास तीनशे अठ्ठ्याऐंशी वर्षे लागली.

आपली प्रगती तपासा – २
१) पास्त्राना येथील प्रसंगातून तेरेसाचे कोणते धोरण दिसते?
२) तेरेसाच्या विनम्र शैलीस भाषिक युक्ती का म्हटले आहे?

४.३ सारांश

तेरेसाने स्त्रियांच्या मठजीवनातील दोष केवळ व्यक्तींच्या आचरणात शोधले नाहीत. गर्दी, उपासमार, मानाच्या पदव्या आणि आश्रयदात्यांवरील अवलंबन ही त्यांची मुळे तिने ओळखली. म्हणून तिने लहान समूह, समान वागणूक, श्रम आणि मौन यांवर आधारलेले मठ उभारले. तिच्या दृष्टीने बंद दार हे आतील स्त्रियांच्या स्वातंत्र्याचे साधन होते. पण हेच दार सक्तीचे झाले की त्याचा अर्थ बदलतो. एन्कार्नासिओनमध्ये तिने नियमांआधी अन्नाची व्यवस्था केली, आणि त्यामुळेच विरोधक भगिनींचा विश्वास तिला मिळाला. तिचे लेखन हे लोकभाषेत, संशयाच्या छायेत आणि सावधपणे केलेले स्त्रीचे आत्मकथन आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

इन्क्विझिशन : पाखंडाचा तपास करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय.
डुकाट : तत्कालीन युरोपातील मौल्यवान नाणे.
नवदीक्षित : कायमची व्रते घेण्यापूर्वी मठात उमेदवारी करणारी व्यक्ती.
रक्तशुद्धी : पूर्वजांत ज्यू वा मुस्लिम कोणी नसल्याची अट.
धर्मबहिष्कार : चर्चच्या संस्कारांपासून वंचित ठेवण्याची शिक्षा.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१) ‘परिषदेने दार बाहेरून लावले, तर तेरेसाने ते आतून लावले’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२) तेरेसाच्या कुलवृत्तान्ताचा तिच्या मठनियमांशी असलेला संबंध स्पष्ट करा.
३) एन्कार्नासिओन मठातील १५७१ ते १५७४ या काळातील तिच्या कार्याचे मूल्यमापन करा.
४) टिपा लिहा : अ) सान होसे मठ आ) ‘पूर्णत्वाचा मार्ग’ या ग्रंथातील खोडलेला मजकूर.
५) आपल्या परिचयातील एखादी संस्था नियम बदलून सुधारली की परिस्थिती बदलून, याविषयी सुमारे २०० शब्दांत लिहा.